भंडारा लागलेलं पान

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला मायाक्का स्कूटरवर एक पाय टेकवून थांबली होती, आणि हेल्मेटात कानाशी खोचलेल्या फोनमधून दिपाली तिला सांगत होती की आपलं झाड हळद निघालं. दिपाली तिची संशोधक विद्यार्थिनी, हुशार आणि सरळ. वाईट बातमी देताना ती आवाज अगदी सपाट ठेवायची, दवाखान्यातल्या सिस्टरबाईंसारखा. हैदराबादच्या प्रयोगशाळेकडून सकाळीच फाइल आली होती. दिपालीनं ती उघडून पानातल्या डीएनएची अक्षरं माहीत असलेल्या वनस्पतींच्या अक्षरांशी लावून बघितली होती, एकदा नव्हे तीनदा, आणि तिन्ही वेळा यादीत सगळ्यात वर हळद आली होती. आपलं झाड आहे, मॅडम, पण खाली कुठंतरी, तुकड्यातुकड्यांत, असं ती म्हणाली. मायाक्कानं विचारलं, हळद म्हणजे आपली आमटीत घालायची? दिपाली म्हणाली, हो, तीच. सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. सातांपैकी कॉलेजचा रस्ता कोणता हे बावीस वर्षं रोज जाऊनही मायाक्काला त्या क्षणी सांगता आलं नसतं. स्कूटर आपल्या मनानं निघाली आणि कंबर तलावाच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिथं हेल्मेट काढल्यावर तिला पहिल्यांदा जे आलं ते हसू होतं. सत्तेचाळीस वर्षांची, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, डॉक्टरेट झालेली बाई भर सकाळी तलावाच्या कठड्यावर एकटीच हसतेय म्हटल्यावर शेजारी शेंगा सोलत बसलेले आजोबा थोडे सरकून बसले. हसू ओसरलं, कारण पान हळदीचं कसं झालं हे तिला माहीत होतं. जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

झाडाचं नाव वशिंड्या. पुस्तकात त्याला दोन शब्दांचं लॅटिन नाव आहे, पण ते घेताना जीभ अडखळते, आणि सांगोल्याच्या पुढं बुरुंगले वस्तीच्या माळावर त्याला सगळे वशिंड्याच म्हणतात, कारण त्याच्या बुंध्याला पुरुषभर उंचीवर खिलार बैलासारखं वशिंड आहे. बिरोबाच्या देवळामागं ते एकटंच उभं. जिल्ह्यात दुसरं नाही. नामशेष होत चाललेल्या झाडांच्या यादीत त्याच्या जातीचं नाव लागलेलं. दर फाल्गुनात पानं झडल्यावर त्याच्या उघड्या फांद्यांवर तांबूस फुलं येतात, मधमाश्या येतात, आठवडाभर माळ नुसता घुमतो, आणि मग फुलं गळून पडतात. फळ धरत नाही. देवाचे पुजारी म्हणजे मायाक्काचे वडील, बिरप्पा, त्यांना ती आबा म्हणते. त्यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या झाडाला एक फळ लागलेलं पाहिलं नव्हतं. कारण साधं होतं. त्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. वस्तीवरच्या बायका हे शास्त्र न शिकताच म्हणायच्या की बिचारं बिनलग्नाचं राहिलंय. आणि दुसरी झाडं होती. धारवाडच्या पलीकडं एका डोंगरात सोळा उभी होती, निदान दिसायला तरी अशीच. तिकडचा पराग थंड डब्यातून आणून इकडच्या फुलांना लावायचा, एवढंच काम. पण वनखात्याच्या समितीचं म्हणणं पडलं की दोन्हीकडची झाडं एकाच जातीची आहेत हे आधी दाखवा, उगाच नको तो संकर व्हायला नको. ते दाखवायची रीत म्हणजे पानातली हिरवी पोथी वाचणं. प्रत्येक हिरव्या पानात हरितलवक नावाचे बारीक कण असतात, उन्हाचं अन्न करणारे, आणि त्या कणांजवळ त्यांची स्वतःची एक पोथी असते, दीड लाखाच्या आसपास अक्षरांची, पण वेगवेगळी अक्षरं चारच. धारवाडच्या शिवानंद हिरेमठांनी तिकडच्या झाडांची पोथी वाचून छापलीही होती. इकडची वाचून तिच्याशेजारी ठेवायची होती, फेब्रुवारी संपायच्या आत, कारण मार्चात फुलं. आणि यंदा वशिंडाच्या खाली भुंग्यानं भोक पाडलं होतं, त्यातून भुसा गळत होता, बुंधा वाजवला तर पोकळ वाजत होता. पुढचा फाल्गुन हे झाड बघेलच असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. आता जानेवारी निम्मा सरला होता. होम मैदानावर गड्डा जत्रेचे पाळणे फिरायला लागले होते, आणि तिकडं माळावर पानं पिवळी पडायला लागली असणार, हे मायाक्काला तलावाकडे बघता बघता दिसत होतं.

तिला स्पिरिट मॅडम म्हणायचे, पाठीमागं. तिच्या प्रयोगशाळेत येणारं प्रत्येक पान स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसल्याशिवाय पाकिटात जायचं नाही. एकदा पुसायचं धुळीसाठी, दुसऱ्यांदा बुरशीसाठी, आणि तिसऱ्यांदा आपल्याला वाटतं की दोनदा पुरलं म्हणून, असं ती पोरांना सांगायची. शिंकलेल्या पोरीला तिनं एकदा सगळा नमुना फेकून परत गोळा करायला अक्कलकोटपर्यंत पाठवलं होतं. आणि हे एक पान, ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं, ते तिनं पुसलं नव्हतं. विसरली नव्हती. बोळा हातात होता, बाटलीचं झाकण उघडं होतं. मार्गशीर्षातली सकाळ होती ती. आबांनी देवाला कौल लावला, देवानं उजवा दिला, मग त्यांनी हात जोडून झाडाचं एक पान खुडलं, दोन्ही बाजूंनी मूठभर भंडारा चोळला, अंगठ्यानं दाबून बसवला, चांगभलं म्हणाले आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं. सोनं द्यावं तसं. पान दिसतच नव्हतं, नुसता पिवळा रंग. जा घेऊन तुझ्या मशीनीकडं, म्हणाले, आता त्याला काय व्हत न्हाय. मायाक्कानं झाकण परत लावलं, बोळा पिशवीत टाकला आणि ते पान तसंच पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. स्वतःची समजूत अशी घातली की हैदराबादला धुताना जाईल. धुताना सगळं जातं असं वाटायचं तिला एके काळी.

आणखी एक पुसणं होतं, चौतीस वर्षांपूर्वीचं. आठवीला ती सोलापुरात मुलींच्या होस्टेलवर आली. रजिस्टरात नाव माया असं लिहून घेतलं, बाईंनी विचारलं एवढंच का गं, तर मान हलवली. दिवाळीनंतरची जत्रा उरकून आबा तिला भेटायला आले, एसटी स्टँडवरून चालत, खांद्यावर घोंगडं, आणि कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्यांपर्यंत भंडाऱ्यानं पिवळे. वरच्या खिडकीत पोरी उभ्या होत्या. कुणी काही बोललं नव्हतं, हसलंही नव्हतं कदाचित. पण तिला वाटलं की हसतायत. ती धावत गेटपाशी गेली आणि नमस्काराच्या आधी म्हणाली, आबा, ते आधी पुसा. आबांनी घोंगड्याच्या टोकानं कपाळ पुसलं. घोंगडं खरखरीत, आणि हळद अशी पुसून जात नाही, ती पसरते. कपाळ लाल झालं आणि पिवळंही राहिलं. त्या दिवसानंतर ते जेव्हा जेव्हा सोलापूरला आले तेव्हा कपाळ कोरं करून आले की आपल्यालाच तसं आठवतं, हे मायाक्काला कधी ठरवता आलं नाही. जत्रेतला तोच भंडारा तिच्या लहानपणी तिला इतका आवडायचा की आबांच्या खांद्यावर बसून ती तोंड उघडं ठेवायची. वरून पिवळा पाऊस पडायचा, पापण्या पिवळ्या, दात पिवळे, ढोलाचा आवाजसुद्धा पिवळा वाटायचा, आणि आई घरी गेल्यावर ओरडायची की ही पोर जेवणार काय आता, पोटभर हळद खाऊन आलीय. अशी ती पोर, तिनंच गेटवर उभं राहून ते पुसायला लावलं. पान हातात घेतल्यावर बोळा का चालला नाही, याला शास्त्रात उत्तर नव्हतं. त्या माणसाकडून एकदा पुसून घेतलेलं आपण दुसऱ्यांदा आपल्या हातानं कसं पुसायचं, एवढंच होतं.

कॉलेजात पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. विभागप्रमुख महेश्वर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीर तोंडानं म्हणाले की मॅडम, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये म्हणतात ते यासाठीच. आणि म्हण किती चपखल बसली हे बोलून झाल्यावर लक्षात येऊन स्वतःच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. माणूस प्रेमळ. पाणी पिऊन झाल्यावर लगेच तिच्या बाजूनं कंबर कसून उभे राहिले. हैदराबादवाल्यांनी नळ्या बदलल्या, दुसरं काही नाही. हळदीवर काम करणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडं ढीगभर असणार. कडक मेल टाका, चूक कबूल करतील, परत करून देतील. मेलचा मजकूरही त्यांनी तिथल्या तिथं सांगितला आणि दिपालीनं तो टाइप करून ठेवला. वाक्यं उत्तम होती. पाठवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, कारण हळदीला तोंड नसतं. मायाक्का त्या मेलकडं बघत बसली आणि तिला वाटलं की हे होस्टेलच्या गेटपेक्षा वाईट आहे. तिथं निदान ज्याचं होतं त्यालाच पुसायला सांगितलं होतं, इथं दोष दुसऱ्याच्याच अंगाला लावायचा होता. तिनं मेल खोडून टाकला आणि दिपालीला म्हणाली, फाइलीत अजून काय काय आहे ते बघू.

तर शंभरातले सत्तर भाग हळद. हळकुंड उकडलेलं, वाळवलेलं, दळलेलं, तरी त्याच्यातले तुकडे मशीननं इमानदारीत वाचले होते. हळकुंड हिरवं नसलं तरी त्याच्यातही त्या कणांची पिठूळ भावंडं असतात आणि त्यांची पोथी तीच. वीसेक भाग वशिंड्या, पण मध्ये मध्ये इतका गायब की जोडता येऊ नये. उरलेल्यात बुरशी, जिवाणू, आणि मग दिपाली थांबली. म्हणाली, मॅडम, थोडी मेंढी आहे. आणि थोडा माणूस. माणूस तिकडच्या कुणाचा तरी असेल, ते हातमोजे घालतात पण. मेंढी कुठून आली? मायाक्काच्या मनात एकदम चार-पाच उत्तरं तयार झाली, सगळी सभ्य. बावीस वर्षं या इमारतीत तिनं काही लपवलं नव्हतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं विचारू दिलं नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या वडिलांच्या हातावरून. ते मेंढ्या राखतात, आणि देवाचे पुजारी आहेत. पानाला भंडारा त्यांनी लावला, मी पुसला नाही. माणूसही तेच." दिपालीनं मान डोलावली, मग बरोबर आहे म्हणाली आणि पुढची ओळ बघायला लागली. एवढंच. चौतीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट एका पोरीनं एका वाक्यात जागेवर ठेवून दिली. मायाक्काला पडद्यावरच्या त्या मूठभर ओळींकडं बघत राहावंसं वाटलं, ज्यांच्यापुढं यंत्रानं माणूस एवढंच लिहिलं होतं. आबा कसे दिसतात हे त्याला काय कळणार. संध्याकाळी तिनं धारवाडला फोन करून शिवानंदांना खरं ते सगळं सांगितलं. ते आधी हळदीचं कानडी नाव घेत, अरिशिना, अरिशिना म्हणून खूप हसले आणि मग म्हणाले की आमचं विभूतीचं काम बरं, मॅडम. जळालेलं असतंय, मशीनला काही सापडत नाही. मग आवाज बदलून म्हणाले की रविवारपर्यंत नवं पान हैदराबादला पोचलं तरच फेब्रुवारी साधेल. उशीर झाला तर मी समितीला काय सांगू?

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. खिडकीतून डाळिंबाच्या बागा, कापडं पांघरलेल्या, एकामागून एक जात होत्या आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. मशीन बिघडलं असं सांगितलं तर आबा दुसरं पान देतील. पोस्टात हरवलं म्हटलं तरी देतील. खरं सांगितलं तर काय होईल, हे तिला बघवत नव्हतं, कारण आबांनी ते पान मशीनीकडं गेल्याचं सगळ्या माळावर सांगून ठेवलं होतं. माझा भंडारा इमानात बसून हैद्राबादला गेला, असं. माणसाचा देव आणि माणसाचा हात, दोन्ही एकदम चुकीचे ठरवायचे, आणि वर म्हणायचं की दुसरं द्या, हे मी धुणार आहे. सांगोल्याला उतरून वडापच्या जीपमध्ये कोंबून बसली तेव्हा तिचं ठरलं होतं की पोस्टाचं सांगायचं. देवळापाशी आबा समया घासत बसले होते. तिला बघून त्यांनी राखेचा हात वर केला. पाठीमागं वशिंड्या निम्मा उघडा झालेला, खाली पानांचा सडा, आणि ती पायरीवर बसली आणि पोस्टाचं वाक्य तोंडात होतं तरी दुसरंच बाहेर पडलं.

"आबा, ते पान वाया गेलं. भंडाऱ्यानं. मशीननं झाडाच्या जागी हळदच वाचली."

आबांचा हात समईवर थांबला. माळावर वारं होतं. त्यांनी मान वळवून झाडाकडं बघितलं.

"हळदच?" ते म्हणाले. "दुसरं काय न्हाय घावलं?"

"थोडी मेंढी. थोडे तुम्ही."

"पीठ? मक्याचं पीठ?"

"नाही."

आबा उठले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस जेवढ्या झटक्यात उठू शकतो त्याच्या दुप्पट झटक्यात उठले आणि पलीकडं दावी वळत बसलेल्या कोंडीबाला त्यांनी हाक मारली. भानगड तिला हळूहळू कळली. कोंडीबा हा आबांचा बालमित्र, म्हणजे जवळचा शत्रू. गेलं वर्षभर तो वस्तीत सांगत होता की बिरप्पाला सांगोल्याच्या बाजारात ठकवतात, देवळातला भंडारा म्हणजे मक्याच्या पिठाला रंग लावलेला, आणि देव त्यामुळंच पाऊस देत नाही. आबा वर्षभर तोंड मिटून बसले होते, कारण पुरावा नव्हता. आता त्यांनी लेकीला सगळं पुन्हा, मोठ्यानं, पहिल्यापासून सांगायला लावलं. कोंडीबानं विचारलं की मशीनीला रंग दिसतो का. मायाक्काला खोटं बोलता येईना, म्हणाली रंग नाही दिसत. मग रंग असंल, कोंडीबा म्हणाला आणि परत दाव्याकडं वळला, पण त्याच्यात आता जोर नव्हता. आबांनी विचारलं की हे सगळं कागदावर मिळंल का, शिक्का मारलेलं. तिनं सांगितलं की मिळेल. ती हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याच भरात तिनं विचारून टाकलं की आबा, होस्टेलच्या गेटवर मी तुम्हाला कपाळ पुसायला लावलं होतं, आठवतंय का. आबांनी खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून बघितलं. "तवा मी भुईमुगाच्या शेंगा आनल्या हुत्या की," ते म्हणाले. "वाचमननं निम्म्या खाल्ल्या. लई खादाड बाबा हुता." एवढंच त्यांच्याजवळ होतं. ते आपल्यासाठी विसरल्याचं सोंग करतायत का, हे तिनं त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं, पण तिथं फक्त शेंगा होत्या. तिला हलकं वाटलं, आणि थोडा रागही आला, की एवढं ओझं इतकी वर्षं मी एकटीनंच वाहिलं होय.

दुसरं पान मागायचं तर पुन्हा कौल. देवाच्या छातीवर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. आबांनी पाकळ्या लावल्या आणि देवाला सगळं समजावून सांगितलं: की मागचं पान फुकट गेलं, दोष कुणाचा न्हाय, पोरीला परत एक पायजे, आनि या खेपंला भंडारा लावायचा न्हाय म्हंती, तर रागवू नगंस. डावी पाकळी पडली. आबा म्हणाले, देव आत्ताच निवद जेवलाय, सुस्तावलाय. पुन्हा लावल्या. यावेळी कुठलीच पडेना. अर्धा तास गेला, तास गेला. मायाक्काची परतीची जीप पाचला, आणि पानाचं पाकीट आज रात्री सोलापुरातून निघायला हवं. शास्त्राची प्राध्यापक एका दगडासमोर मांडी घालून एका ओल्या पाकळीकडं जीव लावून बघत होती, आणि तिला त्यात काहीच चुकीचं वाटत नव्हतं. हैदराबादच्या फाइलीकडं ती अशीच बघत बसायची. तिसऱ्या खेपेला आबांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि उजवी पाकळी पडली. खोकला आधी की पाकळी आधी, हे तिनं बघितलं नाही. ती त्या क्षणी चपला काढत होती.

कारण खालची पानं चालणार नव्हती. हात पुरेल तिथपर्यंत वर्षभराचा भंडारा बसलेला. वरच्या शेंड्याला चार-दोन हिरवी पानं होती, ती वाऱ्यापावसात धुतलेली. आबा म्हणाले मी चढतो, आणि तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते मागं सरकले. बाराव्या वर्षानंतर ती झाडावर चढली नव्हती. ओढणी कमरेला खोचली, पिशवी पाठीला टाकली, आणि पहिल्याच झेपेला घसरली. वशिंडावर पाय ठेव, आबा खालून ओरडले, देवाची माफी मागनं मागू. तिनं वशिंडावर पाय ठेवला. साल उन्हानं कोमट झाली होती. भुंग्याच्या भोकातला भुसा गुडघ्याला लागला. मग एकदम हातापायांना आठवलं. फांदी कुठं धरायची, वजन कुठं टाकायचं, हे सगळं अंगात तसंच होतं, कुणी पुसलेलं नव्हतं. वर वारं भारी होतं. सगळा माळ दिसत होता, मेंढरं, वस्तीचे पत्रे, आणि ती फांदीवर पाय सोडून बसली तेव्हा तिला इतका आनंद झाला की क्षणभर पानाचं विसरली. मग तिनं दोन पानं खुडली, बाटली उघडली आणि तिथंच, झाडावर बसून, बोळ्यानं पुसली. एकदा, दोनदा, तीनदा.

"पिवळं निघालं का?" आबांनी खालून विचारलं.

तिनं बोळा उन्हात धरून बघितला. "नाही, आबा. पांढराच आहे."

"मग आन खाली."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दिपालीचा फोन आला तेव्हा तिच्या सपाट आवाजाला पहिल्यांदाच चढउतार होते. पोथी सगळी जुळली, मॅडम, शेवटचं अक्षर पहिल्याला येऊन मिळालं, गोल बंद झाली. धारवाडच्या झाडांशी ताडून बघितली, दीड लाखाच्या वर अक्षरांत फक्त त्रेसष्ट वेगळी. एकच जात. मायाक्कानं हे आबांना कळवलं तर ते चिंतेत पडले; एवढं जवळचं म्हंजी भावकीच की, देवक बी एकच निघंल, मग सोयरीक कशी जमवायची? झाडांचा नियम उलटा असतो, जात एकच लागते, असं तिनं समजावलं. आबा म्हणाले, असंल, झाडांचं सगळंच उलटं असतंय, पाय वर करून उभी राहत्यात. समितीनं होकार दिला. फाल्गुनात शिवानंद स्वतः थंड डबा मांडीवर घेऊन आले, उतरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मायाक्का आणि दिपालीनं बांबूच्या शिड्या लावून, बारीक कुंचल्यानं, एका मोठ्या फांदीवरच्या दोनशे बारा फुलांना पराग लावला आणि देठाला पांढरे दोरे बांधले. तेवढे दिवस झाडाच्या बाजूला भंडारा उधळायचा नाही, असं सगळ्या वस्तीला सांगायचं काम आबांनी अंगावर घेतलं. स्वतः हात पाठीमागं बांधून लांब उभे राहिले. मग फुलं गळायला लागली, रोज, मूठमूठ. मायाक्का रोज सकाळी फोन करायची आणि आबा गळलेली सांगायचे. एकशे वीस. एकशे साठ. एकशे नव्वद. मग तिनं विचारणं बंद केलं, कारण आबांचा आवाज बारीक होत चालला होता.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. वऱ्हांड्यात पोरं पांढरे कोट घालून रांगेत उभी, आत सूक्ष्मदर्शक मांडलेले, आणि बाहेरच्या परीक्षकांना चहा देऊन मायाक्का नुकतीच बाहेर आली होती. आबांचा फोन आला. ते अशा वेळी कधी करत नसत. तिनं उचलला आणि काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "लागल्यात."

"काय?"

"चार. बोराएवढी. दोऱ्याच्याच फांदीला. चार दिस बघतुया, पडंना झाल्यात, म्हनून आज सांगतो."

ती भिंतीला टेकली. रांगेतली पोरं तिच्याकडं बघत होती. पलीकडून आबांनी विचारलं, हळूच, परवानगी मागावी तसं, "मी हात लावला न्हाय. भंडारा बी टाकला न्हाय. तुझ्या मशीनीचं अजून काय बाकी हाय का?"

"मशीनचं झालं, आबा," मायाक्का म्हणाली. "टाका आता. खूप टाका."

फोन त्यांनी बंद न करता तसाच दगडावर ठेवला असावा, कारण पावलांचा आवाज लांब गेला, मग नुसतं वारं ऐकू येत राहिलं, आणि मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गळ्यातून निघालेलं बिरोबाच्या नावानं चांगभलं वऱ्हांड्यात रांगेच्या शेवटच्या पोरालाही ऐकू गेलं.